ताणाचे गणित आणि परवान्याची किंमत

चेन्नईच्या अंबत्तूर औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग बनविणारे अनेक लघुउद्योग आहेत. इंजिनाला आधार देणारा ब्रॅकेट सततच्या धक्क्यांनी कोठे तडकेल, हे जाणण्यासाठी एकेकाळी नमुने घडवून ते मोडून पाहण्यावाचून गत्यंतर नसे. फायनाइट एलिमेंट पद्धतीने या कामाचा बराच भाग संगणकावर आणला. या पद्धतीत वस्तूची हजारो लहान घटकांत विभागणी करतात, प्रत्येक घटकाची समीकरणे मांडतात आणि ती एकत्रितपणे सोडवून ताण काढतात. हे गणित सर्वांना खुले आहे. ते करून देणारे प्रस्थापित सॉफ्टवेअर मात्र परवाना शुल्क भरूनच मिळते.

अर्थशास्त्रीय दृष्ट्या सॉफ्टवेअर ही निराळी वस्तू होय. पहिली प्रत घडविण्याचा खर्च प्रचंड, पुढील प्रतीचा जवळजवळ शून्य. त्यामुळे किंमत सीमांत खर्चावरून ठरत नाही. ग्राहकाला दुसरीकडे जाणे किती अवघड आहे, यावर ती बरीचशी अवलंबून असते. नॅस्ट्रनचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेच्या नासाने १९६०च्या दशकात सार्वजनिक निधीतून ते तयार करवून घेतले. पुढे त्याच्या व्यापारी आवृत्त्या निघाल्या. त्यांतील आघाडीच्या एमएससी कंपनीने १९९९ मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्या विकत घेतल्या. तेथील संघीय व्यापार आयोगाने हरकत घेतली आणि २००२ च्या तडजोडीनुसार कंपनीला आपल्या सॉफ्टवेअरच्या प्रतीचे हक्क इतरांना द्यावे लागले. करदात्याच्या पैशातून निर्माण झालेल्या ज्ञानावरही मक्तेदारी उभी राहू शकते, ती अशी!

याउलट फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीने स्वतःच्या प्रकल्पांसाठी विकसित केलेले कोड-ॲस्टर २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. वीज विकणाऱ्या कंपनीला सॉफ्टवेअर वाटण्यात तोटा नव्हता. वापरणारे वाढले की चुका सापडण्याची शक्यताही वाढते. जर्मनीतील एमटीयू या विमान-इंजिन कंपनीतील दोघा अभियंत्यांनी कॅल्क्युलिक्स लिहिले. त्याची माहिती भरण्याची रीत अबॅकस या व्यापारी सॉफ्टवेअरसारखी असल्याने एकातून दुसऱ्यात जाणे तुलनेने सोपे ठरते.

तथापि मुक्त म्हणजे विनाखर्च नव्हे. व्यापारी सॉफ्टवेअरच्या शुल्कात सुलभ पडदा, वस्तूचे घटक पाडण्याची साधने, प्रशिक्षण आणि अडचणीच्या वेळी उत्तर देणारा माणूस यांचा समावेश असतो. कोड-ॲस्टरचे मूळ दस्तऐवज फ्रेंचमध्ये आहेत. परवान्याचा खर्च वाचतो. तज्ज्ञाच्या पगाराचा वाढतो. शिवाय मोठा कारखाना पुरवठादाराकडून विशिष्ट सॉफ्टवेअरमधीलच फाइल मागत असेल, तर लघुउद्योजकाची निवड आधीच झालेली असते.

अचूकतेचा प्रश्न परवान्याने सुटत नाही. टेकूची जागा चुकीची गृहीत धरली तर महागडे सॉफ्टवेअरही सुबक, रंगीत आणि चुकीचे उत्तर देते. म्हणूनच उत्तर आधीच ज्ञात असलेल्या कसोटीच्या उदाहरणांवर सॉफ्टवेअर पारखतात. ब्रिटनमध्ये १९८३ मध्ये स्थापन झालेल्या नाफेम्स संस्थेने अशी उदाहरणे प्रसिद्ध केली आहेत.

चेन्नईला या बाबतीत विशेष अनुकूलता आहे. तारामणी येथे सीएसआयआरचे संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्र आहे. मुक्त सॉफ्टवेअरसाठीचे राष्ट्रीय संसाधन केंद्रही २००५ मध्ये याच शहरात सुरू झाले. सी-डॅकची बॉस ही संगणक प्रणाली त्यातूनच पुढे आली. केंद्र सरकारने २०१५ च्या धोरणात शासकीय प्रणालींसाठी मुक्त स्रोतास प्राधान्य दिले. पण ते धोरण शासकीय कार्यालयांपुरते आहे. अंबत्तूरच्या उद्योजकाला हवा आहे त्याच्या ब्रॅकेटचे गणित तपासून देणारा प्रशिक्षित अभियंता, आणि सार्वजनिक निधीचा खरा उपयोग तेथे आहे.