चौथी पिन न लावता केलेली दुरुस्ती

नवा मिक्सर आणला की आपण तो थेट सॉकेटला लावतो. भिंतीतली वायर कोणत्या कंपनीची, मिक्सरची मोटर कशी गुंडाळलेली, याची चौकशी कोणी करत नाही. तीन पिना ठरल्या जागी ठरल्या जाडीच्या असल्या की झालं. प्रोग्रॅमिंगमध्ये अशाच कराराला 'इंटरफेस' म्हणतात.

जावा भाषेत इंटरफेस म्हणजे मुळात कामांच्या नावांची यादी. समजा, 'खातं' या इंटरफेसमध्ये तीन कामं आहेत : पैसे भर, पैसे काढ, शिल्लक सांग. ती कशी करायची हे बचत खात्याचा क्लास आणि चालू खात्याचा क्लास आपापलं ठरवतात. एक जरी काम राहिलं, तरी कंपायलर प्रोग्रॅम अडवतो.

आता दहा वर्षांनी या यादीत 'व्याज सांग' हे चौथं काम घालायचं ठरलं तर? उद्या प्लगला चौथी पिन सक्तीची केली, तर घरातली सगळी उपकरणं अडगळीत जातील. तसंच इथे जुना प्रत्येक क्लास नव्याने कंपाइल करताना अडेल.

जावाच्या कर्त्यांपुढे हा पेच खरोखरच उभा राहिला. माहितीचे संच हाताळणारे 'कलेक्शन', 'लिस्ट' हे इंटरफेस १९९८ मध्ये जावा १.२ बरोबर आले आणि जगभरच्या प्रोग्रॅमरनी त्यांवर आपापले क्लास रचले. बँकांचे, विमा कंपन्यांचे प्रोग्रॅम त्यात आले. संचांसाठी नव्या सोयी द्यायच्या, तर इंटरफेस वाढवायला हवा; वाढवला, तर दुसऱ्यांचा चालता कोड मोडणार. मार्च २०१४ मध्ये जावा ८ ने वाट काढली. नव्या कामाची तयार कृती इंटरफेसमध्येच लिहायची. ज्याला ती पटेल त्याने वापरावी, नाही तर स्वतःची लिहावी. ही 'डिफॉल्ट मेथड'.

त्याच वेळी इंटरफेसमध्ये 'स्टॅटिक मेथड'लाही जागा मिळाली. शिल्लक सांगायची तर कोणाचं तरी खातं लागतं. पण आयएफएससी कोड ११ अक्षरांचा आहे का, त्यातलं पाचवं अक्षर शून्य आहे का, हे तपासायला कुठलंच खातं लागत नाही. असं कोणा एकाचं नसलेलं काम म्हणजे स्टॅटिक मेथड. पूर्वी अशी कामं ठेवायला वेगळा क्लास लागे, म्हणून 'कलेक्शन' या इंटरफेसच्या जोडीला 'कलेक्शन्स' हा क्लास आला. फरक शेवटच्या 'स'चा! नोकरीच्या मुलाखतीत नवख्यांना अजूनही यावर पकडलं जातं.

इंटरफेसमधल्या स्टॅटिक मेथडला मात्र इंटरफेसचं नाव घेऊनच बोलवावं लागतं; ती बचत खात्याच्या क्लासकडे वारशाने येत नाही. क्लासमधल्या स्टॅटिक मेथडचा वारसा मिळतो, इथे का नाही, असं शिकणाऱ्यांना वाटतं. पण वारसा दिला असता, तर जुन्या क्लासमध्ये त्याच नावाची मेथड आधीच असली की नव्या मेथडशी तिची टक्कर झाली असती. डिफॉल्ट मेथडमध्ये हा धोका उरतोच. दोन इंटरफेसमधून एकाच नावाच्या दोन कृती आल्या, तर क्लासने स्वतः निवाडा करेपर्यंत कंपायलर पुढे जाऊ देत नाही.

'कलेक्शन्स' अजूनही जावात आहे. त्याचं नाव घेऊन लिहिलेला जुना कोड आजही रोज चालतो.