मोटारीच्या लहरी दिव्याची साक्ष

वैद्याच्या दारांत पाऊल टाकतांच दुखणें पळतें, हा अनुभव माणसांप्रमाणें मोटारींनाही येतो. आमची पेट्रोलची मोटार २०१४ सालची. राहणें साताऱ्यास, आणि वडील बहिणीस औषधोपचारासाठीं दर महिन्यास मिरजेस न्यावें लागतें. एका पावसाळ्यांत त्या मोटारीच्या तबकडीवरील इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लहरीपणानें लागूं लागला. यवतेश्वरचा घाट चढतांना तो लागे, दोन-चार दिवस राही, आणि कराड, पेठ नाका, आष्टा करीत आम्ही सांगलीच्या आमच्या नेहमींच्या कारागिराकडे जाण्याचा दिवस उजाडण्यापूर्वींच विझून जाई. "काका, आतां तर कांहीं दिसत नाहीं," असें तो म्हणे. आणि तें खरेंच असे.

मग आम्हीं इतरत्र धांव घेतली. एके ठिकाणीं बॅटरीची तार काढून पुन्हां लावली. दिवा गेला आणि पंधरवड्यानें परत आला. दुसऱ्या ठिकाणीं ऑक्सिजनचा सेन्सर बदलला. पैसे गेले, दिवा मात्र पुन्हां आला. शेवटीं घरांत बोलणें निघालें कीं, आजारी माणसास घेऊन जाणारी गाडी वाटेंत दगा देणारी नको; ती विकून टाकावी. नवी घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हां हा दिवा आहे तरी काय, हें समजून घेणें मला भाग पडलें. जें कळलें तें आज आपणांस सांगतों.

आपल्याकडे बीएस-४ मानकाच्या मोटारींस २०१० पासून प्राथमिक स्वरूपाची आणि २०१३ पासून अधिक विस्तृत अशी स्वयंनिदानाची व्यवस्था बंधनकारक झाली. इंजिनाचा छोटा संगणक निरनिराळ्या सेन्सरांकडून येणाऱ्या वार्ता अखंड तपाशीत असतो. एकदां चूक दिसली तर तो बहुधा मनांत नोंद करून गप्प बसतो. पुढील प्रवासांत तीच चूक पुन्हां दिसली म्हणजे दिवा लावतो. त्यानंतर साधारणतः सलग तीन प्रवास निर्दोष गेले कीं दिवा विझवितो. परंतु दिवा विझला म्हणून नोंद पुसली जात नाहीं. इंजिन थंड असतां सुरू होऊन पुरतें तापलें, अशा सुमारें चाळीस खेपा निर्दोष होईपर्यंत ती स्मरणांत राहते. दिवा विझणें म्हणजे दोष जाणें नव्हे, हें येथें ध्यानांत घ्यावें.

नोंदींत दोन गोष्टी असतात. पहिली, दोषाचा संकेतांक. आणि दुसरी, दोष घडला त्या क्षणाचें चित्र. वेग किती होता, इंजिनाचे फेरे किती होते, त्यावर भार किती होता, पाणी किती तापलें होतें, हें सारें त्या चित्रांत असतें. बॅटरीची तार काढली म्हणजे ही साक्ष बहुधा पुसली जाते. आम्हीं पैसे देऊन साक्षीदाराचेंच तोंड बंद केलें होतें!

पुढच्या वेळीं दिवा लागतांच मीं एका वहींत तारीख, ठिकाण, पाऊस, चढ आणि इंजिन गार कीं गरम, हें लिहून ठेवूं लागलों. चार नोंदी होतांच कोडें उलगडूं लागलें. दिवा लागे तो नेहमीं पावसांत आणि चढावरच. सांगलीची वाट सपाट. तेथें तो लागावा कसा? दुखणें साताऱ्याच्या घाटांत आणि वैद्य सांगलीच्या सपाटीवर, असा प्रकार होता. यावेळीं आमच्या कारागिरानें विझलेल्या दिव्यावर न विसंबतां स्कॅनर लावला. संकेतांक निघाला पी ०३०२. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरांत पेट्रोल पेटण्याचें चुकलें. चित्रांतही भार मोठा आणि वेग कमी, असें घाटाचेंच वर्णन होतें.

संगणकास हें कळतें कसें? प्रत्येक सिलिंडरांत पेट्रोल पेटलें कीं क्रँकशाफ्टला धक्का मिळतो. एखादा धक्का चुकला तर तिची गती क्षणभर मंदावते. ती मंदता सेन्सर टिपतो. मात्र संकेतांक दोषाची जागा दाखवितो, दोषी भाग नव्हे. पेट्रोल न पेटण्यास प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा कमी झालेला दाब, यांपैकीं कांहींही कारण असूं शकतें. म्हणून कारागिरानें नवा भाग आणण्याऐवजीं इंजिन बंद व गार असतां दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरांच्या कॉइली अदलाबदल केल्या, जुनी नोंद वहींत उतरवून मगच पुसली, आणि मला म्हणाला, "काका, आतां पावसांत घाट चढा." आठ दिवसांनीं दिवा लागला. संकेतांक आला पी ०३०३. दोष कॉइलीबरोबर सरकला होता! दोष दुसऱ्याच सिलिंडरांत राहिला असता, तर कॉइल निर्दोष ठरून पुढचा शोध प्लगापासून करावा लागला असता.

त्या कॉइलीच्या रबरी टोपणास केसाएवढी चीर पडली होती. चढावर सिलिंडरांतील दाब वाढतो. तेथें ठिणगी पाडण्यास विजेचा दाबही अधिक लागतो. ओलावा असला म्हणजे ती वीज प्लगाच्या टोंकाशीं न जातां चिरेंतून इंजिनाच्या धातूकडे पळते. कोरड्या सपाट वाटेवर यांतलें कांहींच घडत नाहीं. एक कॉइल बदलली, आणि तेव्हांपासून पुढचा सबंध पावसाळा दिवा लागला नाहीं.

प्रत्येक गाडीचें कारण हेंच असेल असें मात्र नव्हे. २०१९ आणि २०२१ सालीं कृष्णेच्या पुरानें सांगलीस वेढलें. अशा पाण्यांत उभ्या राहिलेल्या मोटारींच्या तारांच्या जोडांवर हिरवा गंज चढतो, आणि खड्ड्याच्या हिसक्यानें दिवा लागतो. तेथें इंजिन चालूं ठेवून, फिरत्या व तापलेल्या भागांपासून हात दूर राखून, एकेक जोड हलक्या हातानें हलवून पाहणें, हीच परीक्षा. उंदरांनीं कुरतडलेल्या ताराही असाच खेळ करतात.

आतां थोडी सावधगिरी. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश कारागिराकडे जावें. तोच लुकलुकूं लागला, तर न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें पेटून तो महागडा भाग जाळीत असतें. पाय हलका करून सोयीच्या जागीं थांबावें. तेलाचा तांबडा दिवा लागला तर मात्र सुरक्षित जागीं उभें राहून इंजिन तत्काळ बंद करावें. जुनी गाडी विकत घेतांना किल्ली फिरवून पाहावी. इंजिन सुरू होण्यापूर्वीं पिवळा दिवा लागलाच पाहिजे. न लागल्यास तो कोणीं मुद्दाम निकामी केला नाहीं ना, हें तपासावें.

आमची गाडी विकली गेली नाहीं. दर महिन्याची मिरजेची खेप चालूं आहे, आणि ती वही अजून गाडींतच असते. आपणही एक ठेवावी, एवढें सुचवून आपला निरोप घेतों.