फोन घरात आहे, पण कोणाच्या हातात?

फुलचूर गोंदिया शहराला लागूनच आहे. नेटवर्क आहे, फोनही आहेत, मग ऑनलाइन शिक्षण आणि वर्ग यांची सांगड इथं आपोआप बसेल, असं समजलं जातं. या समजात पहिली गफलत घरातल्या फोनला मुलाचा फोन मानण्याची आहे. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची देशव्यापी पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२१च्या अहवालात शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होतं. तरीही फोन असलेल्या घरांतल्या २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. उलट बाजूनं कुणी टाळेबंदीतल्या ऑनलाइन तासांकडे बोट दाखवून अख्खी कल्पनाच मोडीत काढतं. पण तेव्हा वर्ग बंदच होते. सांगड घालायला दुसरी बाजू उरली कुठं होती?

सर्वांत चिवट गैरसमज मात्र पडद्यामुळेच शिक्षण सुधारतं हा. अमेरिकेच्या शिक्षण विभागानं २०१०मध्ये अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात ऑनलाइन आणि वर्ग अशा मिश्र पद्धतीनं शिकलेले विद्यार्थी नुसत्या वर्गात शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले. एवढंच वाक्य उचलून टॅबलेट विकता येतात. त्याच अहवालात बजावलं आहे की मिश्र गटांना बऱ्याचदा जास्त वेळ आणि जास्तीचं साहित्य मिळालं होतं, त्यामुळे श्रेय माध्यमाला देऊ नये. म्हणजे खरा प्रश्न उरतो तो वेळेचा. फुलचूरपेठेतल्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या ठिकाणी कानस कशी धरायची हे व्हिडिओ थांबवून तीनदा पाहता येईल. हाताचा कोन चुकतोय हे मात्र शेजारी उभा असलेला शिक्षकच दाखवतो. शाळेतही बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक मंचावरचा धडा घरी पाहायचा आणि वर्गात तोच पुन्हा ऐकायचा, ही सांगड नव्हे, एकच भाजी दोनदा वाढणं झालं. त्याऐवजी धडा घरी पाहिल्यानं वर्गात जो वेळ वाचतो, त्यात मुलांनी गणितं सोडवावीत, चुकावं, विचारावं.

ज्याला घरी पाहायला मिळालं नाही तो मागे पडेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून घरचा व्हिडिओ सक्तीचा नको. तो आधीच डाउनलोड करून तासाच्या सुरुवातीला पाच-सात मिनिटं सर्वांना दाखवता येतो. पण तो निवडणं, त्यावर प्रश्न काढणं, कोण कुठं अडलं हे टिपणं हे शिक्षकाचं वाढीव काम आहे. वेळापत्रकात त्यासाठी तासिका न ठेवता पडदे बसवणाऱ्या शाळेनं निम्माच खर्च मांडलेला असतो.