आधी घास, मग नोंद
एका अंगणवाडी सेविकेचा दिवस

सकाळी ६

चूल पेटवण्याआधी मोबाइल पूर्ण चार्ज झालाय का ते बघते. अकोले तालुक्यातल्या आमच्या डोंगराकडच्या वाड्यांवर पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून पॉवर बँक रात्रीच भरून ठेवलेली असते. हा मोबाइल अंगणवाडीचा आहे. गावातल्या लहान मुलांची वजनं-उंच्या, गरोदर बायांच्या पाळीच्या तारखा, आधार क्रमांक, फोन नंबर, सगळं यातून भरलं जातं. त्याचा पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नाही. मुलगा गेम खेळायला मागतो, पण हा फोन त्याच्या हातात जात नाही. गावाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी यात आहेत.

सकाळी ९

मदतनीस ताईंनी झाडलोट करून पाणी भरून ठेवलेलं असतं. मुलं जमली की गाणं, मग हजेरी. मार्च २०२१ पासून ही हजेरी केंद्र सरकारच्या पोषण ट्रॅकर या ॲपवर भरायची असते. आमच्या खोलीत रेंज येत नाही. ती येते देवळाच्या पारावर. मुलांना सोडून हातात मोबाइल धरून पारावर उभं राहणं मला जमत नाही आणि पटतही नाही. म्हणून हजेरी आधी वहीत, मुलं घरी गेल्यावर मोबाइलवर. वही भिजली तर उन्हात वाळवता येते आणि तिला रेंज लागत नाही.

याच कामासाठी आधी दिलेले मोबाइल २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी परत केले होते. फोनची मेमरी अपुरी, तो सारखा तापायचा, अडकायचा आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. त्या वेळी काहींना वाटलं, बायांना नवं शिकायचं नाही. खरं तर आम्ही एवढंच मागत होतो, की काम सोपवलंय तर ते होईल असं साधन द्या.

सकाळी १०.३०

आज वजन-उंचीचा दिवस. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजायची, मोठ्याची उंची उभं करून. बाळाचे गुडघे हलक्या हाताने दाबून पाय सरळ करावे लागतात. ते रडतं, पाय आखडून घेतं आणि तेवढ्यात सेंटिमीटरभराचा फरक पडतो. म्हणून मी दोनदा मोजते. त्यानंतर दंडघेर. सहा महिन्यांपुढच्या बाळाच्या दंडाची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल दिसली, की मूल तीव्र कुपोषित. तिथून पुढे नर्सबाईंना फोन, तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात भरती.

आकडा टाकला की मूल कोणत्या श्रेणीत आहे ते ॲप लगेच सांगतं. हा मोबाइलचा खरा उपयोग, आणि मला तो मनापासून आवडतो. पूर्वी तक्त्यावर बोट ठेवून रेघ शोधावी लागे. पण चुकीच्या मापाचं उत्तरही ॲप तितक्याच झटकन देतं. माप बरोबर घेणं हे अजूनही माणसाच्याच हातात आहे.

दुपारी १२

मुलांचं खाणं झालं, की घरपोच आहाराचं वाटप. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांना तो घरी न्यायला मिळतो. १ जुलै २०२५ पासून त्यासाठी चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. आधी आधार आणि ओटीपीने नोंदणी, मग वाटपाच्या वेळी कॅमेऱ्यासमोर चेहरा.

आज एक तरुण आई नऊ महिन्यांचं बाळ घेऊन आली, बरोबर सासू. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा आणि नवरा मजुरीला नारायणगावला. त्याला फोन लावला, ओटीपी मागितला. तो म्हणाला, "ओटीपी कुणालाच द्यायचा नाही म्हणून सांगत्यात. मी कसा देऊ?"

सासूबाई इकडे घाबरल्या. "आगं बाय, पैसं तं जायचं नाहीत ना?"

मी त्यांना म्हटलं, "मावशी, त्याचं बरोबर आहे. अनोळखी माणसाला कधीच द्यायचा नाही." मग फोन त्याच्या बायकोच्या हातात दिला. तिने त्याला सांगितलं, की मी ताईंच्या समोर उभी आहे, पुडा माझ्या डोळ्यांपुढे आहे. तेव्हा त्याने आकडे वाचले. ते टाकेपर्यंत रेंज गेली, ओटीपीची मुदत संपली, पुन्हा मागवावा लागला. आत अंधार, म्हणून चेहऱ्यासाठी तिला अंगणात उभं केलं. बाळ तिच्या खांद्यावर झोपून गेलं होतं.

त्या नवऱ्याची सावधगिरी योग्यच होती. मातृवंदना योजनेचे पैसे जमा करतो असं सांगून बायांची खाती रिकामी करणारे फोन ठिकठिकाणी आलेले आहेत. म्हणून माझा नियम ठरलेला आहे: ओटीपी फक्त बाई समोर असताना, तिला कशासाठी ते सांगून, पैशांच्या कामासाठी कधीच नाही. आणि चेहरा जुळलाच नाही, तर नाव, तारीख, कारण आणि सही रजिस्टरात घेऊन मुख्यसेविका मॅडमना त्याच दिवशी लेखी कळवायचं. हा आहार २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. रेंज नाही म्हणून तो बुडू नये.

दुपारी २.३०

गृहभेटी. सातव्या महिन्याच्या एका बाईकडे जाते. रक्त कमी आहे, आधीचा एक गर्भपात आहे. हे ती हळू आवाजात सांगते, कारण पडवीत दीर बसलेला असतो. अशा वेळी मोबाइल पिशवीत राहतो. आधी ऐकायचं, लोहाच्या गोळ्या पोटात जातात का ते विचारायचं, नोंद नंतर. समोर स्क्रीन धरली, की बाई "सगळं बरं आहे" म्हणून मोकळी होते.

दुपारी ४

पारावर बसून वहीतलं मोबाइलवर चढवते. मागून कुणी डोकावलं, तर स्क्रीन पालथी घालते. याच वेळी ग्रुपवरचे निरोप वाचते. कामाच्या ग्रुपवर कुपोषित मुलांचे नावानिशी फोटो फिरतात, हे अनेक ठिकाणी घडतं. मी नाव आणि चेहरा टाकत नाही. साहेबांना हवं असेल तर फोनवर सांगते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं, २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. आमच्या वाडीवरचं लाल पट्टीतलं बाळही त्या हक्कात येतं.

संध्याकाळी ७

आजच्या नोंदी गेल्या का ते तपासते, मोबाइल लॉक करून कपाटात ठेवते. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून ती वहीवर चालली आणि मुलं जगली. आता मोबाइल आला, चांगलं झालं. पण जे हे ॲप बनवतात आणि जे त्याचे नियम ठरवतात, त्यांना सेविका म्हणून माझी विनंती आहे: प्रत्येक काम रेंजशिवाय पूर्ण होईल आणि रेंज आल्यावर आपोआप वर जाईल, अशी सोय करा. चेहरा किंवा ओटीपी अडला तर कागदावर वाटप करण्याची लेखी मुभा द्या. रिचार्ज आणि दुरुस्ती सेविकेच्या मानधनातून होऊ देऊ नका. माहिती कशी जपायची याचं प्रशिक्षण दरवर्षी द्या. नोंद एक दिवस उशिरा झाली तरी चालते. नऊ महिन्यांच्या बाळाचा घास उशिरा झालेला चालत नाही.