गुरुत्वाकर्षण तेच, तोल मात्र सांभाळावा लागतो

प्रकाशाचा वेग, प्लांकचा स्थिरांक, गुरुत्व स्थिरांक ही विश्वाची काही मूलभूत, न बदलणारी मूल्ये. त्यांपैकी गुरुत्व स्थिरांकाशी घरातील आजी-आजोबांची गाठ रोजच पडते. पृथ्वीवर एक मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर येते. विसाव्या वर्षीही आणि ऐंशीव्या वर्षीही. वयानुसार बदलते ती आपल्या शरीराची सावरण्याची क्षमता.

तोल सांभाळण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर मिळते: डोळे, अंतर्कर्ण आणि पायांतील संवेदना. मोतीबिंदूने दृष्टी अंधुक होते, मधुमेहाने तळवे बधिर होतात, मांडीचे स्नायू क्षीण होतात. त्यातच कणकवलीचा पावसाळा! चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, खळे निसरडे होते आणि रात्री वीज गेलेली असते. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण, न्यूमोनिया, शय्याव्रण अशी मालिका सुरू होण्याची भीती असते. हिंडते-फिरते माणूस परावलंबी होते.

येथे ‘ताई ची’ उपयोगी पडते. नाव ऐकून ‘कोणत्या ताईची?’ असा प्रश्न घरात हमखास येईल! चीनमधील या युद्धकलेतून संथ व्यायामपद्धती विकसित झाली. तिचा २४ हालचालींचा सुटसुटीत क्रम १९५६ मध्ये तयार झाला आणि २०२० मध्ये युनेस्कोने या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश न्यायचा, हे तिचे मर्म. त्यामुळे पायांचे स्नायू आणि तोल सावरण्याची यंत्रणा यांना एकाच वेळी सराव मिळतो.

याला पुरावाही आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात कंपवाताच्या १९५ रुग्णांचा समावेश होता. २४ आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल इतरांपेक्षा अधिक सुधारला. केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. वृद्धांविषयीच्या चाचण्यांच्या २०१९ मधील आढाव्यात ताई चीमुळे पडण्याचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी घटल्याचे दिसते. मात्र हा पुरावा अद्याप फारसा भक्कम मानला जात नाही.

विश्वऊर्जा शरीरात उतरते, स्थिरांकांशी शरीर जुळते, असे दावे कोणी केल्यास त्यांकडे दुर्लक्ष करावे. या नावातील ‘ची’चा अर्थ प्राणशक्ती असाही नाही, त्या अर्थाचा चिनी शब्द निराळा आहे. रक्तदाब वा मधुमेहाच्या गोळ्यांना ही पद्धती पर्याय नव्हे.

शिक्षक जवळ नसल्यास आरंभ घरीच करता येईल. ओटीवरील खांब किंवा जड खुर्चीची पाठ धरावी. पाय खांद्यांइतके दूर ठेवून भार सावकाश उजव्या, मग डाव्या पायावर न्यावा. श्वास रोखू नये. दिवसातून दहा मिनिटे पुरेत. पहिले काही आठवडे घरातील कोणीतरी शेजारी उभे राहावे. चक्कर येत असेल, अलीकडे हाड मोडले असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि पावसाळ्यापूर्वी पायऱ्यांवरील शेवाळ खरवडावे, न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर जळणारा दिवा ठेवावा.