करडई, पामतेल आणि पोरांची धाप

लातूर-नांदेडकडे ज्वारीच्या रानाला कडेनं करडईचे तास असत. काट्यांमुळे गुरं आत घुसत नसत आणि घाण्यावर वर्षाचं तेलही निघे. भाकरीवर जवसाची चटणी, तिच्यावर तेलाची धार. डालडा सणासुदीला. लातुरात तर वनस्पती तुपाचा सहकारी कारखानाच होता. गाव त्याला 'डालडा फॅक्टरी' म्हणे.

1986 मध्ये केंद्राचं तेलबिया अभियान आलं. पुढं खरिपाची रानं सोयाबीननं व्यापली, जवसाचा पेरा आटला. 1994 मध्ये पामतेलाची आयात खुली झाली. मग पिशवीतलं तेल, वडापाव, शाळेच्या दारातली कुरकुरीत पाकिटं.

याच दशकात दम्याचे अभ्यासक चरबीकडे वळले. 1997 मध्ये ब्लॅक आणि शार्प या दोघांनी मांडलं की, आहारात ओमेगा-6 हे तेलातलं स्निग्धाम्ल वाढलं आणि मासळीतलं ओमेगा-3 घटलं, म्हणून दमा वाढला असावा. ओमेगा-6 पासून शरीर दाह वाढवणारी रसायनं बनवतं. श्वासनलिका सुजते, आवळते. आपल्याकडच्या आयांच्या भाषेत, लेकराचं पोट उडायला लागतं.

गंमत अशी की मराठवाड्यात हा हिशेब उलटा पडतो. पारंपरिक करडई तेलात ओमेगा-6 सुमारे 75 टक्के, सोयाबीन तेलात निम्म्याच्या आसपास, पामतेलात जेमतेम 10. म्हणजे या सिद्धान्तानुसार आजीचंच तेल दोषी! जवसात ओमेगा-3 भरपूर, हे खरं; पण मासळीतल्या रूपात शरीर त्यातलं फार थोडं बदलतं. 'जुनं तेल चांगलं, नवं वाईट' एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही.

डालड्याचं काय? 1999 मध्ये युरोपातल्या पाहणीत अशा वनस्पती तुपात असणारं ट्रान्स फॅट आणि मुलांच्या दम्याचा संबंध दिसला. 2013 च्या जागतिक पाहणीत आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा फास्ट फूड खाणाऱ्या किशोरांत तीव्र दम्याचा धोका 39 टक्क्यांनी जास्त आढळला. अर्थात, त्यानंच दमा झाला, असं पाहणीतून सिद्ध होत नाही.

प्रयोगांचे निकालही एका सुरात नाहीत. सिडनीत 616 मुलांच्या प्रयोगात पाच वर्षं माशाचं तेल देऊनही दमा टळला नाही. कोपनहेगनमध्ये ते गर्भवतींना शेवटच्या तिमाहीत दिलं. 2016 मध्ये निकाल आला, तेव्हा त्यांच्या मुलांत दमा किंवा सततची घरघर 16.9 टक्के होती, इतरांत 23.7.

मधल्या काळात खोकणाऱ्या पोराचं दूध-तूप तोडण्याची आपली रीत मात्र बदलली नाही. 2003 च्या डच अभ्यासात रोज सायीचं दूध आणि लोणी खाणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांत पुढे दमा कमीच दिसला होता.

भारतात 1 जानेवारी 2022 पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. तेल कुठलंही आणा, पण डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप 'सवय लागेल' म्हणून परस्पर बंद करू नका.