एअर रायफलला बायपॉड लावायचाय? आधी बंदूक स्प्रिंगची आहे की हवेच्या टाकीची ते बघा

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझपदक जिंकलं. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून असा तीन प्रकारे नेम धरावा लागतो. पण तिन्हींपैकी एकाही वेळी रायफल कुठल्याही स्टँडवर टेकलेली नसते. झोपून मारतानाही आधार असतो तो दोन हात, खांदा आणि दंडाला आवळलेल्या पट्ट्याचा. नियमच तसा आहे.

ऑनलाइन दुकानात मात्र एअर रायफल शोधायला घेतली, की शेजारी लगेच दोन पायांचा काळा स्टँड दिसू लागतो. हाच बायपॉड. साधारण दीड-दोन हजार रुपयांपासून तो मिळतो. फोटोत बंदूक एकदम रुबाबदार दिसते आणि 'नेम पक्का होईल' असं खाली लिहिलेलं असतं. आपल्याकडे हौस म्हणून छऱ्याची बंदूक घेणाऱ्या बहुतेकांची बंदूक स्प्रिंगची असते. त्यांच्या बाबतीत हा स्टँड नेम सुधारण्याऐवजी बिघडवण्याचीच शक्यता जास्त आहे.

स्प्रिंगच्या बंदुकीत नेमकं काय होतं?

नळी मधून मोडून जी बंदूक 'भरतात', तिच्या आत एक जाड स्प्रिंग आणि वजनदार पिस्टन असतो. ट्रिगर दाबला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून बंदूक मागे सरकते. पुढच्याच क्षणी पिस्टनसमोरची हवा दाबली जाऊन गादीसारखी घट्ट होते, पिस्टन तिच्यावर आदळतो आणि आता बंदूक पुढे झटका खाते. म्हणजे एका फायरमध्ये दोन उलटसुलट धक्के. आणि या हालचालीचा बराचसा भाग छर्रा अजून नळीत असतानाच होऊन जातो.

त्यामुळे बंदूक कशावर टेकलीये, किती घट्ट धरलीये, यावर छर्रा कुठे जाणार हे ठरतं. हातात सैल धरली तर ती दर वेळी साधारण एकसारखी सरकते. बायपॉडच्या कडक पायांवर, त्यातही फरशीवर किंवा लाकडी टेबलावर ठेवली, तर पाय उडी घेतात आणि दर वेळी वेगळी घेतात. अमेरिकेतले एअरगन लेखक टॉम गेलॉर्ड यांनी अशा बंदुकीसाठी 'आर्टिलरी होल्ड' नावाची पद्धत लोकप्रिय केली. पुढचा हात उघडा ठेवायचा, बंदूक तळव्यावर नुसती टेकवायची, बोटांनी आवळायची नाही. तोफ जशी आपल्या गाड्यावर मागे सरकते, तशी बंदुकीला सरकू द्यायची.

पटत नसेल तर बायपॉड विकत न घेताही करून बघता येईल. दहा मीटरवर कागद लावा. पाच छरे तळव्यावर सैल टेकवून मारा आणि पाच बंदूक लाकडी ठोकळ्यावर टेकवून. दोन्ही कागदांवर सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा. मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, त्यामुळे कुणाच्या रिव्ह्यूपेक्षा पट्टीवर माझा जास्त विश्वास.

मग बायपॉड कुणासाठी?

ज्यात हवा आधीच टाकीत भरलेली असते, त्या पीसीपी प्रकारच्या एअर रायफलसाठी. तिथे पिस्टन नाही, त्यामुळे धक्का जवळपास नाही. अशी बंदूक बायपॉडवर शांत बसते.

कायद्याचं इथेच बघून घ्या. शस्त्र नियम, २०१६ नुसार नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ इंचापर्यंत आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तरच एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. पीसीपी घेताना हा आकडा महत्त्वाचा, कारण या प्रकारात ताकद वाढवणं सोपं असतं. हिशोब शाळेतल्या सूत्राचा आहे. सुमारे ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने निघाला तर साडेदहा ज्यूलच्या आसपास ऊर्जा होते. तोच २७५ मीटर वेगाने निघाला तर थेट २० ज्यूल. वेग दीडपटही झालेला नाही, पण ऊर्जा जवळपास दुप्पट. त्यामुळे खोक्यावरचा वेगाचा आकडा बघून खूश होण्याआधी हा गुणाकार करा.

स्वस्तात घेताना काय तपासायचं?

बाजारातले बहुतेक स्वस्त बायपॉड हे एकाच नमुन्याची नक्कल आहेत. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बार्लो गावच्या हॅरिस कंपनीचा हा नमुना: बाहेर दिसणाऱ्या स्प्रिंगा, पुढे दुमडणारे पाय. अस्सल हॅरिस तिकडेच शंभर डॉलरच्या पुढे जातो. मॅगपुलने २०१९ मध्ये सुमारे ११० डॉलरला आपला बायपॉड आणला. ॲटलस त्याहून बराच महाग. हे सगळे मोठा धक्का देणाऱ्या काडतुसाच्या रायफली डोळ्यासमोर ठेवून बनवलेत. पीसीपी एअर रायफलला त्या ताकदीची गरज नाही, म्हणून इथे नक्कल चालून जाते. फक्त ती बरी नक्कल हवी.

बरी म्हणजे काय? पाय उघडा, लॉक करा आणि पाय धरून हलवा. पाय वरच्या बिजागरीत किंचित हलणारच. पण 'टकटक' आवाज येत असेल, एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त डुगडुगत असेल, तर परत करा. गॅरेजवाले ज्याला 'प्ले' म्हणतात तो हाच. पाय लांब-आखूड करण्यासाठी खाचा असतील तर उत्तम, कारण दोन्ही पाय बरोबर तिसऱ्या खाचेवर आहेत हे डोळ्यांनी कळतं. नुसत्या स्क्रूवर आवळायचे पाय हळूहळू आत घसरतात. उंची ६ ते ९ इंचांची घ्या. टेबलावर बसून किंवा झोपून मारायला ती पुरते. उंच पाय म्हणजे जास्त लांब तरफ आणि जास्त डुगडुग.

बंदूक डावी-उजवीकडे कलती करता येणाऱ्या 'स्विव्हल' बायपॉडसाठी दुकानदार जादा पैसे मागतो. ते द्यायचे का? बंदूक ५ अंश कलली, तर दहा मीटरवर छर्रा जेमतेम १ मिलिमीटर बाजूला जातो. २५ मीटरवर सात-आठ मिलिमीटर. तेव्हा अंगणातल्या दहा मीटरसाठी साधा बायपॉड पुरे. टेबल वाकडं असेल तर एका पायाखाली पुठ्ठा सरकवा.

परदेशात एफ-टीआर नावाची स्पर्धा असते. तिथे बायपॉड लावलेल्या ०.३०८ किंवा ०.२२३ काडतुसाच्या रायफलने १००० यार्डांपर्यंत मारतात. रायफल, दुर्बीण आणि बायपॉड मिळून वजन ८.२५ किलोच्या आत लागतं. ०.३०८ ची गोळी १००० यार्डांवर पोहोचेपर्यंत नळीच्या रेषेपासून १० मीटरहून जास्त खाली आलेली असते. तिथे ५ अंशांचा कल म्हणजे ८५ सेंटिमीटरहून जास्त चूक, आणि अमेरिकी टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम २५ सेंटिमीटर रुंद. स्विव्हलचे पैसे तिथे वसूल होतात.

एक गोष्ट अजिबात घेऊ नका: नळीलाच चिमट्यासारखा बसणारा बायपॉड. तो सगळ्यात स्वस्त असतो आणि कुठल्याही बंदुकीला बसतो, म्हणून खपतो. पण बंदुकीचा भार नळीवर आला की नळी केसभर वाकते आणि त्या केसाचा फरक टार्गेटवर दिसतो. बायपॉड लाकडी किंवा प्लास्टिकच्या दस्त्यालाच बसायला हवा, पट्ट्याच्या कडीला किंवा खालच्या रेलला. जुन्या लाकडी दस्त्यात ती कडी नुसत्या लाकडी स्क्रूवर बसवलेली असते. बायपॉडचा ताण रोज पडला की स्क्रू लाकूड कुरतडत बाहेर येतो आणि एक दिवस भरलेली बंदूक टेबलावरून खाली पडते. आतून नट लावून मशीन स्क्रू बसवून घ्या. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे.

लावल्यावर वापरायचा कसा?

बायपॉड बसवला की दुर्बीण पुन्हा जुळवा, कारण पुढचा आधार बदलला की छऱ्याची जागाही बदलू शकते. पायांखाली पायपुसणं किंवा दुमडलेलं गोणपाट घाला. नुसत्या फरशीवर रबरी टोकंही सटकतात.

मग खांद्याने बंदूक अगदी हलकी पुढे ढकला, पायांमधला प्ले संपेल एवढीच. लोक इथे जोर लावतात, श्वास अडकतो आणि दुर्बिणीतली रेघ थरथरायला लागते. जोर कमी असला तरी चालेल, तो दर वेळी सारखा हवा.

दोन पायांवर काहीच उभं राहत नाही. तिसरा पाय म्हणजे तुमचा खांदा, आणि तो श्वासाबरोबर हलतो. म्हणून बंदुकीच्या मागच्या टोकाखाली एक छोटी पिशवी ठेवतात. डाव्या हाताने ती दाबली की बंदुकीचं मागचं टोक वर जातं आणि नेम खाली येतो, सैल सोडली की उलट. बायपॉड घेऊन ही पिशवी न घेणारे अर्धा फायदा सोडून देतात.

टार्गेटच्या मागे छर्रा अडेल अशी मातीची किंवा वाळूची जाड भिंत हवी. बायपॉडवर बंदूक जमिनीलगत असते, त्यामुळे गच्चीवर बसून मारलेला छर्रा कठड्यावर आदळून परत येऊ शकतो, आणि हुकलेला काहीशे मीटरवर जाऊन पडतो. डोळ्यांवर चष्मा लावा. झाडावरच्या पाखरावर नेम धरायचा मोह झाला, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लक्षात ठेवा. परवाना लागत नाही म्हणून शिकार चालते असं नाही.

आणि बंदूक स्प्रिंगची असेल तर? बायपॉडचे पैसे छऱ्यांवर घाला. आधारासाठी जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापा, एक तोंड शिवा, चाळलेली कोरडी वाळू भरा आणि दुसरं तोंडही शिवून टाका. गच्च भरू नका, तीन चतुर्थांश पुरे. त्या पिशवीवर हाताची मागची बाजू टेकवा आणि उघड्या तळव्यावर बंदूक ठेवा. वाळू नसेल तर तांदूळ चालतात, फक्त ते उंदरांपासून सांभाळावे लागतात.